भल्या राजाचं काय करायचं?

छत्तीसगढात भिलाईजवळच्या जुनवानीच्या कॉलेजांतली आणि वसतिगृहांतली मुलं जपानी ॲनिमे मन लावून पाहतात. त्यातली काही 'लेजंड ऑफ द गॅलॅक्टिक हिरोज' या मालिकेपर्यंत पोचतात आणि मग त्यांच्यात एकच वाद पेटतो. एकीकडे एकहाती सत्ता असलेला, पण कर्तबगार, निर्लोभी आणि न्यायी सम्राट. दुसरीकडे मतं मिळवून आलेले, पण स्वार्थी आणि भेकड मंत्री. राहायचं कुणाच्या राज्यात? बहुतेक मुलं चटकन सम्राटाची बाजू घेतात. मला ते उत्तर पटत नाही, पण ते उथळही वाटत नाही. आपल्या आधीच्या कितीतरी शहाण्या माणसांनी ते मनोमन दिलेलं आहे. या मालिकेने, तिच्या आधीच्या अवकाशकथांनी आणि आपल्या स्वतःच्या इतिहासाने या प्रश्नाला कसं तोंड दिलं, ते एकत्र ठेवून पाहण्यासारखं आहे.

जपानी अवकाशयुद्धकथांवर दुसऱ्या महायुद्धाची सावली सुरुवातीपासूनच आहे. १९७४ च्या 'स्पेस बॅटलशिप यामातो'मध्ये महायुद्धात बुडालेल्या युद्धनौकेचंच अवकाशयान होतं आणि ते पृथ्वी वाचवायला निघतं. खरी यामातो ७ एप्रिल १९४५ रोजी ओकिनावाच्या वाटेवर बुडाली होती. हरलेल्या देशाने आपली बुडालेली नौका कल्पनेत पुन्हा उडवावी, यात जुन्या लष्करी अभिमानाला खतपाणी मिळण्याचा धोका होता आणि मालिका पाहताना तो जाणवतो. पण शत्रूचा ग्रह बेचिराख करून झाल्यावर तिचा नायक कोदाई खचतो; जिंकलो असं म्हणायला त्याची जीभ रेटत नाही. १९७९ च्या 'मोबाइल सूट गंडम'मध्ये योशियुकी तोमिनो पुढे गेले. तिथे अवकाशातल्या वसाहतींची स्वातंत्र्याची मागणी रास्त आहे, पण झाबी घराण्याने ती बळकावून तिची हुकूमशाही केली आहे. धाकटा भाऊ युद्धात पडतो, तर थोरला गिहरेन त्याच्या अंत्यविधीचंच प्रचारसभेत रूपांतर करतो. बाप त्याला हिटलरची आठवण करून देतो. रास्त गाऱ्हाण्यातून जुलमी सत्ता कशी उगवते, हे इतक्या स्वच्छपणे दाखवणाऱ्या मुलांसाठीच्या मालिका फार नाहीत.

तरीही या दोन्हींत राज्य कुणी करावं हा प्रश्न कडेला राहतो. तो मध्यभागी आणला योशिकी तनाका यांनी. त्यांच्या दहा खंडांच्या कादंबरीमालेचं प्रकाशन १९८२ ते १९८७ या काळात झालं आणि तिच्यावरची ११० भागांची मालिका १९८८ ते १९९७ या काळात व्हिडिओ कॅसेटवर निघाली. दिग्दर्शक होते नोबोरु इशिगुरो, ज्यांचं नाव 'यामातो'शीही जोडलेलं आहे. टीव्हीवरच्या प्रेक्षकसंख्येची टांगती तलवार डोक्यावर नसल्यामुळे मंत्रिमंडळाच्या बैठका, रसदीचा हिशेब, इतिहासावरच्या गप्पा यांना हवी तेवढी जागा मिळाली. २०१८ मध्ये तिची नवी आवृत्तीही सुरू झाली. ती देखणी आहे, पण माझ्या लेखी जुनीच अधिक विचारी आहे.

कथेत दोन सत्ता आहेत. गॅलॅक्टिक साम्राज्याचा संस्थापक रुडॉल्फ मुळात निवडून आलेला होता. सैल आणि कंटाळलेल्या प्रजासत्ताकात हा तरुण, कणखर सेनानी लोकांना भावला. त्यांनी त्याला एकेक करत सगळी पदं दिली आणि शेवटी सम्राट केलं. मग त्याने 'कमअस्सल' ठरवलेल्या माणसांना संपवणारा कायदा आणला. त्याच्या साम्राज्याच्या छळातून निसटलेल्यांनी दूरच्या ताऱ्यांवर स्वतंत्र ग्रहांचा संघ उभारला. कथा सुरू होते तेव्हा दोघांचं युद्ध दीडशे वर्षं चालू आहे. साम्राज्यात राइनहार्ट नावाचा तरुण सेनापती सडलेली सरदारशाही उलथायला निघाला आहे; पुढे तोच सम्राट होतो. संघाकडे यांग वेनली आहे. त्याला खरं तर इतिहास शिकायचा होता, पण पैसे नव्हते म्हणून तो लष्करी शाळेत गेला.

संघाची लोकशाही किती किडलेली आहे, हे मालिका तिसऱ्याच भागात दाखवते. एका लढाईत लाखो सैनिक मेले आहेत. त्यांच्या स्मृतिसभेत संरक्षणमंत्री ट्रुनिख्टचं भाषण टिपेला पोचतं, सभागृह उठून घोषणा देऊ लागतं. यांग एकटा बसून राहतो. शेजारचा अधिकारी दरडावतो, तेव्हा उठायचं नसेल तर न उठण्याचं स्वातंत्र्य या देशात आहे, अशा अर्थाचं तो शांतपणे बोलतो. तेवढ्यात काळ्या कपड्यांतली एक तरुणी मंचाकडे चालत येते. जेसिका एडवर्ड्सचा होणारा नवरा त्या लढाईत गेलेला असतो. ती मंत्र्याला एवढंच विचारते, की तो गेला तेव्हा तुम्ही कुठे होता, तुमच्या घरातलं कोण आघाडीवर आहे? मंत्र्याकडे उत्तर नसतं. तो राष्ट्रगीत सुरू करायला सांगतो आणि तिला बाहेर नेलं जातं. ही चार-पाच मिनिटं मी लोकशाहीवरच्या अनेक जाड पुस्तकांपेक्षा वरची मानतो.

पुढे निवडणूक जवळ आली आणि लोकप्रियता घसरली म्हणून मंत्रिमंडळ साम्राज्यावर स्वारीचा निर्णय घेतं. तीन कोटी सैनिक जातात, त्यातले दोन कोटी परतत नाहीत. राइनहार्टने माघार घेताना सीमेवरच्या ग्रहांवरचं धान्य काढून नेलेलं असतं. मुक्त करायला आलेल्या फौजेला आधी भुकेल्या जनतेला जेवू घालावं लागतं, मग तिची स्वतःची रसद संपते आणि शेवटी तीच लोकांच्या तोंडचा घास काढून घेते. इथे दोन्ही बाजू दोषी आहेत, हे लक्षात ठेवायला हवं. सम्राटाची बाजू घेणारी मुलं ती उपासमार नेमकी विसरतात.

पण राइनहार्ट खरोखर चांगला राज्यकर्ता आहे. तो सरदारांचे विशेषाधिकार मोडतो, कर आणि न्याय सुधारतो, गुणी माणूस कुठल्याही घरातला असो, त्याला वर आणतो, स्वतः साधा राहतो. तनाका यांचा प्रामाणिकपणा मला इथे दिसतो. लोकशाहीची बाजू जिंकावी म्हणून त्यांनी राजाला लपून-छपून वाईट केलेलं नाही. त्यांनी त्याला जितका चांगला करता येईल तितका केला आणि मग एक वेस्टरलँड त्याच्यासमोर ठेवलं. वेस्टरलँड हा वीस लाख वस्तीचा ग्रह आहे. तिथल्या लोकांनी उठाव केला म्हणून शत्रूपक्षाचा सरदार त्यावर अणुबॉम्ब टाकणार, ही खबर राइनहार्टला आधी मिळते. त्याचा सल्लागार ओबरश्टाइन म्हणतो, होऊ द्या. त्याचं चित्रण साम्राज्यभर दाखवलं तर सरदारांचा पाठिंबा कोसळेल, युद्ध लवकर संपेल आणि एकूण माणसं कमी मरतील. कादंबरीत राइनहार्ट हे मान्य करतो. मालिकेत तो अडखळतो आणि ओबरश्टाइन हल्ल्याची वेळ चुकीची सांगून वेळ मारून नेतो. दोन्हीकडे परिणाम तोच होतो. युद्ध खरंच लवकर संपतं. पण बालपणापासूनचा मित्र किर्खाइस त्याला जाब विचारतो, दोघांत दुरावा येतो आणि त्या दुराव्यापायी किर्खाइस जीव गमावतो.

या प्रसंगावर मुलं गणित मांडतात: वीस लाख विरुद्ध कोटी. ओबरश्टाइनचा हिशेब चुकलेला नाही, असं त्यांना वाटतं. मला खटकतं ते वेगळंच. हा हिशेब एका खोलीत दोन माणसांनी केला आणि तो कुणी तपासू शकलं नाही. राइनहार्टला जाब विचारणारा त्याच्या साऱ्या राज्यात एक मित्र होता आणि तो गेल्यावर ती जागा रिकामीच राहिली. भल्या राजाच्या राज्यातही प्रजेच्या हाती उरतं ते त्याच्या मित्रांचं धाडस.

मराठी माणसाला हा प्रश्न नवा नाही. भले राजे आपण पाहिलेले आहेत. सयाजीराव गायकवाडांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात सक्तीचं प्राथमिक शिक्षण सुरू केलं आणि १९०६ मध्ये ते साऱ्या बडोदे संस्थानात नेलं. शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ च्या आदेशाने कोल्हापूरच्या नोकऱ्यांत मागासवर्गीयांना निम्म्या जागा राखून दिल्या. ब्रिटिश हिंदुस्थानातली कुठलीही प्रतिनिधी सभा तेव्हा हे करू शकली नसती. लोकशाहीवाद्याने हे नाकारू नये. एखाद्या सभागृहाला पन्नास वर्षांत न जमणारी गोष्ट भला राजा एका सहीने करतो.

आणि नेमक्या याच दोन राजांचं साहाय्य मिळालेला माणूस या वादातला सगळ्यात मोठा साक्षीदार आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले ते सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर. १९२० मध्ये 'मूकनायक'ला शाहू महाराजांनी मदत केली आणि त्याच वर्षी माणगाव परिषदेत ते बाबासाहेबांच्या पाठीशी जाहीरपणे उभे राहिले. भल्या राजाचा उपकार म्हणजे काय, हे त्यांच्याइतकं जवळून कोण जाणणार? तरीही २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेतल्या भाषणात त्यांनी बजावलं, की कितीही थोर माणूस असला तरी आपलं स्वातंत्र्य त्याच्या पायाशी वाहू नका आणि राजकारणातली भक्ती अधःपाताकडे व शेवटी हुकूमशाहीकडे नेते. जॉन स्टुअर्ट मिलचा त्यांनी तिथे आधार घेतला. कृतज्ञता असावी, पण तिला मर्यादा असावी, हा त्यांचा मुद्दा होता. मालिकेतल्या यांगला हे पुरतं ठाऊक आहे. तो राइनहार्टचा मनापासून आदर करतो आणि त्याच्याविरुद्ध अखेरपर्यंत लढतो.

यांगची कसोटी व्हर्मिलियनच्या लढाईत लागते. राइनहार्टची नौका त्याच्या तोफांच्या टप्प्यात आलेली आहे. एक आज्ञा दिली की राइनहार्ट संपला, युद्ध संपलं. त्याच क्षणी राजधानीहून हुकूम येतो: युद्ध थांबवा. राजधानीला साम्राज्याच्या ताफ्याने वेढा घातला आहे आणि ट्रुनिख्टने स्वतःच्या जिवाच्या भीतीने शरणागती पत्करली आहे. शेनकॉफ हा यांगचा अधिकारी सांगतो, हुकूम बाजूला ठेवा, इतिहास तुमचाच होईल. यांग तोफा थांबवतो आणि चहा मागवण्याइतक्या साधेपणाने मागे सरतो. मुलांचा सगळ्यात जास्त राग या प्रसंगावर आहे. भित्र्या मंत्र्यासाठी सारं घालवलं, असं ती म्हणतात.

मी यांगच्या बाजूचा आहे. दोनच वर्षांपूर्वी त्याने स्वतः एक लष्करी उठाव मोडलेला असतो. त्या उठावातले अधिकारीही देश वाचवायलाच निघाले होते, त्यांचा म्होरक्या ग्रीनहिल सज्जन माणूस होता. तरी त्यांच्या राजवटीत एका मैदानात जमलेल्या निःशस्त्र लोकांवर शस्त्र चाललं आणि स्मृतिसभेत प्रश्न विचारणारी जेसिका तिथेच मारली गेली. यांगने हुकूम मोडला असता तर त्याच्यात आणि ग्रीनहिलमध्ये फरक उरला असता तो स्वतःच्या नीयतीवरच्या विश्वासाचा, आणि तो विश्वास ग्रीनहिललाही होताच. याची किंमत भयंकर आहे, हे यांग नाकारत नाही. संघ त्यानंतर फार काळ टिकत नाही.

इथे छत्तीसगढात बसून मराठी माणसाने आणखी एका गोष्टीचा विचार करायला हवा. आपल्या घरांत मराठ्यांचा इतिहास शिकवला जातो तो स्वातंत्र्याच्या बाजूने लढणाऱ्यांचा. या भूमीत मात्र मराठे चालून आलेले होते. १७४१ मध्ये नागपूरकर भोसल्यांचा सेनापती भास्करराम कोल्हटकर रतनपूरवर आला आणि हैहय राजांची सत्ता कोसळली. पुढे बिंबाजी भोसले १७५८ पासून रतनपुरात राहिले, त्यांनी रामटेकडीवर मंदिर बांधलं, स्थानिक लोकांत मिसळले. त्यांच्याविषयी इथे आजही बरं बोललं जातं. १७८७ मध्ये ते गेले. त्यानंतर नागपूरहून सुभेदार नेमून कारभार चालू झाला, सुभेदारांचं लक्ष वसुलीवर, आणि रयतेची पिळवणूक वाढली. १८५३ मध्ये तिसरे रघूजी वारस न ठेवता वारले आणि १८५४ मध्ये डलहौसीने सगळं राज्य खालसा केलं. पहिल्या बदलाच्या वेळी इथल्या शेतकऱ्याला कुणी विचारलं नाही, दुसऱ्या वेळी नाही आणि तिसऱ्या वेळीही नाही. राइनहार्टच्या राज्याचं दुखणं हेच आहे. तो तरुणपणीच आजाराने मरतो, मागे तान्हा मुलगा आणि राणी हिल्डा राहते. हिल्डा शहाणी आहे म्हणून प्रेक्षक निश्चिंत होतो. रतनपूरच्या रयतेलाही बिंबाजी शहाणे मिळाले होते.

मराठी विज्ञानकथेने ही वाट फारशी चोखाळली नाही. अपवाद म्हणून जयंत नारळीकरांची 'गंगाधरपंतांचे पानिपत' ही कथा आठवते; इंग्रजीतून ती अकरावीच्या पाठ्यपुस्तकातही आली. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत अपघाताने अशा जगात जातात, जिथे पानिपतावर विश्वासरावांना गोळी लागलीच नाही आणि मराठे जिंकले. तिथले पेशवे विज्ञानाची केंद्रं उभारतात, देश गुलाम होत नाही, पुढे लोकशाहीही येते. आझाद मैदानावर त्यांना एक व्याख्यान चाललेलं दिसतं, पण अध्यक्षाची खुर्ची रिकामी. त्या समाजाने अध्यक्षीय भाषणांची प्रथाच सोडलेली आहे. त्या खुर्चीत जाऊन बसलेल्या पंतांना लोक हुसकावून लावतात. ही कल्पना मला फार मोलाची वाटते. पण विजयी सत्ता आपणहून शहाणी होईल आणि आपणहून सत्ता सोडेल, हे नारळीकरांनी गृहीत धरलं आहे. तनाका तसं काहीही गृहीत धरत नाहीत, कदाचित त्यांचा जन्मच अशा देशात झाला म्हणून, जिथे १९४७ ची लोकशाही राज्यघटना परक्या फौजेच्या देखरेखीखाली आली. दिलेली लोकशाही आणि मिळवलेली लोकशाही यांतला ताण त्यांच्या प्रत्येक खंडात आहे.

हा ताण भिलाईच्या माणसाला वेगळ्या वाटेने ठाऊक आहे. १९५५ मध्ये इथल्या पोलाद कारखान्यासाठी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन झालं. त्याबरोबर आखीव सेक्टर आले, क्वार्टर, शाळा, दवाखाना, पाणी, वीज, झाडं लावलेले रस्ते. नागपूर-भंडाऱ्याकडून आलेल्या मराठी कुटुंबांनाही इथे सुख मिळालं. पण सेक्टरमधला नळ बिघडला तर तक्रार जायची कारखान्याच्या नगर विभागाकडे. नगरसेवक, प्रभाग, वस्तीची सभा हे शब्द आपल्या कामाचे आहेत, असं तिथे वाढलेल्या पिढीला वाटायचं कारणच नव्हतं. मुलं घरून ही सवय घेऊन येतात आणि राइनहार्टला मत देतात, असा माझा कयास आहे. सेक्टरच्या बाहेर, जुनवानीसारख्या जुन्या गावांना रस्ता आणि गटार भांडून मिळवावं लागलं. त्या भांडणात भरपूर घाण आहे, पण तिथल्या माणसाला आपला नगरसेवक नावाने माहीत असतो.

मालिकेची मोठी उणीवही याच गावात राहून दिसते. तिच्यात वीस-वीस हजार युद्धनौकांचे ताफे लढतात आणि एका लढाईत नाहीसे होतात. इतकं पोलाद कुणी गाळलं? ११० भागांत भट्टीपुढे उभा असलेला एक माणूस ठळकपणे दिसत नाही. एक खाण नाही, एक संप नाही. लोकशाही म्हणजे मतदार आणि मंत्री, राजेशाही म्हणजे सेनापती आणि सरदार. कामगार कुठेच नाहीत. बायकांचंही तसंच. जेसिका, हिल्डा आणि यांगची सहकारी फ्रेडरिका या तिघी ताकदीच्या आहेत, पण शेकडो पात्रांच्या या पसाऱ्यात स्त्रिया हाताच्या बोटांवर मोजता येतात.

भिलाईत ही उणीव टोचते, कारण मालिका निघत होती त्याच वर्षांत इथे वेगळी लढाई चालली होती. शंकर गुहा नियोगींनी दल्ली-राजहराच्या लोहखाणीतल्या कंत्राटी मजुरांची संघटना बांधली होती. मजुरांनी स्वतःच्या वर्गणीतून आणि श्रमातून १९८३ मध्ये शहीद हॉस्पिटल उभं केलं. भिलाईच्या खासगी कारखान्यांत संघटना करायला आलेल्या नियोगींना २८ सप्टेंबर १९९१ च्या पहाटे झोपेत गोळी घालून मारण्यात आलं. यांगही मारेकऱ्यांच्या गोळीने मरतो आणि त्याने सांभाळलेला युलियन त्याच्या मागे काम पुढे नेतो. पण युलियनला वारसा मिळतो तो ताफा आणि किल्ला यांचा. दल्ली-राजहरात नियोगींच्या मागे लोकांनी चालवायचं इस्पितळ राहिलं आणि ते चालू राहिलं. भला राजा हवा की नको, या प्रश्नाला मजुरांनी दिलेलं ते उत्तर आहे आणि तनाका यांच्या विश्वात त्याला जागा नाही.

अगदी जागा नाही असंही म्हणता येत नाही. मालिकेच्या शेवटाकडे, सम्राट झालेल्या राइनहार्टवर एक साधा माणूस शस्त्र घेऊन धावून येतो. पकडल्यावर तो ओरडून सांगतो, की त्याची बायको आणि मूल वेस्टरलँडला होते आणि सम्राटाला सगळं आधी माहीत होतं. ओबरश्टाइन पुन्हा तोच हिशेब ऐकवतो. राइनहार्टला एक शब्द बोलता येत नाही. साऱ्या मालिकेत सम्राटाला कुणी निरुत्तर केलं असेल तर त्या माणसाने. यांगलाही ते जमलं नव्हतं.

अखेरच्या वाटाघाटीत युलियन मरणाच्या दारातल्या राइनहार्टकडे दोन गोष्टी मागतो: एका ग्रहमालेपुरती स्वायत्तता आणि साऱ्या साम्राज्यासाठी राज्यघटना व संसद. पहिली मिळते, दुसरी हिल्डावर सोपवली जाते. मुख्य कथा तिथे संपते. त्यामुळे ती राज्यघटना लिहिली गेली का, यावर जुनवानीची मुलं हवं तितकं भांडू शकतात. माझ्या मते हिल्डाने ती लिहून घ्यायला सुरुवात केली असेल. पण लिहिणाऱ्यांच्या समितीत वेस्टरलँडच्या माणसाला जागा दिली असेल, असं मला वाटत नाही.